सासूबाईंसाठी स्थळ

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, आणि गेल्या थंडीत मी त्यांच्यासाठी स्थळ बघायला गेले.

घाबरू नका, डोकं ठिकाणावर आहे. आमच्या कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या बैठकीत, सासूबाईंचं एक तैलचित्र होतं. उंचीला माझ्या खांद्यापर्यंत, रुंदीला माझ्याहून थोडं कमी, म्हणजे तसं रुंदच. मुलानं कळंब्याच्या बाजूला फ्लॅट घेतला आणि घर सोडायचं ठरलं. फ्लॅट चांगला आहे, पण त्याला भिंतीच नाहीत. जिथं भिंत असायला हवी तिथं काच, काच नाही तिथं कपाट, आणि उरलेली एकुलती एक भिंत टीव्हीची. सासूबाईंना टीव्हीच्या खाली ठेवणं शक्य नव्हतं, आणि वर ठेवलं असतं तर कुणाची मालिका लावायची छाती झाली नसती.

नणंदेच्या मुलानं लगेच हात पुढं केला. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीच्या फाट्यावर त्याचं मटणाचं हॉटेल आहे. "मामी, आज्जीला माझ्या गल्ल्याच्या मागं लावतो. गिऱ्हाइकाला वाटंल, घरचंच जेवतोय." सासूबाईंना त्यात वावगं काही वाटलं नसतं. तांबडा रस्सा पातळ झालाय हे त्यांनी भिंतीवरूनसुद्धा सांगितलं असतं. पण फोडणीच्या धुरानं वर्षभरात चेहरा ओळखू आला नसता.

तेवढ्यात नातीनं चित्राचा फोटो काढून मोबाइलवर कुठंतरी टाकला आणि मला एका बाईंचा फोन आला. ज्या चित्रकारानं सासूबाईंना रंगवलं त्यांची ती सून. सासऱ्यांच्या राहत्या घरात तिनं फक्त त्यांच्याच चित्रांचं लहानसं संग्रहालय केलं होतं. आमचं चित्र तिला हवं होतं. कायमचं, मानानं, नीट दिवे लावून. "फक्त ताई, कपाळावरचा तो लाल थर काढायला लागंल. आमचे एक तज्ज्ञ हायत, खालच्या रंगाला धक्का न लावता स्वच्छ करत्यात."

कपाळावरचा तो लाल थर म्हणजे कुंकू. रंगवलेलं नव्हे, डबीतलं. आमच्या घरात ते चित्राला बोटानं लावलं जात होतं. आधी सासूबाई लावायच्या, मग मी. बाहेरच्या माणसाला हे वेडगळ वाटेल. मलाही वाटायचं, आणि मी तसं मोठ्यानं बोलून दाखवायची.

फोनवर मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. मला चित्र तिथंच हवं होतं, आणि कुंकवासकट हवं होतं. मुलीकडचे म्हणतात तसं मी म्हणाले, "आधी घर बघू."

आता ते कुंकू तिथं आलं कसं, ते सांगायला हवं. त्यासाठी तेव्हाची मी कशी होते तेही सांगायला हवं, आणि ते सांगताना मला फार मजा येते.

मी साताऱ्याहून लग्न होऊन आले ती बी.ए. होऊन. त्या पदवीचा मला इतका अभिमान होता की भाजी निवडतानाही मी ती निवडत नसे, समजून घेत असे. सासरे गुळाचे व्यापारी, सासूबाई कुरुंदवाडच्या. दोघांचं बोलणं ऐकून शेजाऱ्यांना भांडण वाटायचं. एका पावसाळ्याच्या तोंडाला सासऱ्यांनी जाहीर केलं की घरधनिणीचं चित्र काढून घ्यायचं. पेठेत तेव्हा ती पद्धतच होती. ज्याच्या घरात सोपा त्याच्या सोप्यात तसबीर. पण बहुतेक घरांत ती बापाची, आजोबांची, गेलेल्या माणसांची असायची. जित्या बायकोचं चित्र काढणारा आमचा म्हातारा पहिलाच.

चित्रकार आले. बारीक अंगाचे, पांढरा पायजमा, खांद्याला पिशवी, घोड्यासारखा तीन पायांचा स्टँड. सोप्यातली सगळी खिडक्या-दारं उघडझाप करून त्यांनी उजेड पारखला आणि सासूबाईंना उत्तरेच्या खिडकीजवळ बसवलं. घरभर टर्पेंटाइनचा आणि जवसाच्या तेलाचा वास सुटला.

मी काय केलं असेल? एका दिवाळी अंकात आधुनिक चित्रकलेवर एक लेख आला होता. तो मी रात्रीत वाचून काढला आणि दुसऱ्या दिवशी चहा द्यायच्या निमित्तानं चित्रकारांच्या मागं जाऊन उभी राहिले. कॅनव्हासवर अजून नुसते तपकिरी डाग होते. मी कप खाली ठेवला आणि विचारलं, "यात प्रतीकात्मकता कुठं आहे?"

त्यांनी मागं न बघता सांगितलं, "मगाशी परसात गेल्यासारखी वाटली, सूनबाई. जरा बघून येता का?"

आणि मी परसात गेले. खोटं नाही सांगत. दारापर्यंत गेल्यावर उजेड पडला.

तेवढ्यानं मी थांबले असते तर बरं. पण मला आणखी एक आशा होती. इतक्या गुणी चित्रकाराला इतकी सुशिक्षित सून समोर दिसतेय, तर तो कधीतरी म्हणेलच, "सूनबाई, तुम्हीही बसा." म्हणून मी रोज तोंडाला पावडर लावून, हातात पुस्तक धरून, उंबऱ्यात मान तिरकी करून बसायची. मान आखडली तरी हलायची नाही. शेवटी एका दिवशी त्यांनी ब्रश खाली घेतला, डोळे बारीक करून माझ्याकडं रोखून बघितलं. मी पुस्तक जरा वर धरलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "जरा बाजूला होता का? उजेड अडतोय."

सासूबाईंना हसू फुटलं आणि त्या हलल्या. चित्रात त्यांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात जे काही आहे, ज्याला पाहुणे "करारी भाव" म्हणायचे, ते मला हसल्याचं उरलेलं हसू आहे. मी ते कुणाला कधी सांगितलं नाही.

चित्र भराभर होत आलं. नऊवारीचा हिरवा रंग, हातातला काकणांचा घोस, नाकाची धार, सगळं आलं. फक्त कपाळ रिकामं. सासूबाईंनी विचारलं तेव्हा चित्रकार म्हणाले, "वैनी, कुंकू शेवटी. चित्रातला सगळ्यात जोराचा रंग त्योच. आधी लावला तर माणूस तेवढंच बघतंय, बाकी मी काय केलं ते कोण बघणार? सगळं वाळू द्या, मग एकदाच येतो आन् एका हातात लावून देतो." ही त्यांची रीत होती.

पण पावसाळा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तेलाचा रंग काय वाळणार? बोट लावलं की चिकट. आषाढ गेला, श्रावण गेला, सासऱ्यांनी कौतुकानं चित्र भिंतीवर लावूनही टाकलं, आणि नवरात्र आलं. घट बसायच्या दिवशी बायका यायच्या होत्या. सासूबाई सोप्यात आल्या, वर बघितलं, मग खाली पाटावर जेवत बसलेल्या सासऱ्यांकडं बघितलं.

"म्हातारा हितं जिता-जागता भाकरी चुरतोय," त्या कडाडल्या, "आन् मी वर भुंड्या कपाळानं?"

स्टूल मागवलं गेलं. देवघरातून मेणाची डबी आली, कुंकवाची डबी आली. आधी मेणाचं बोट, त्यावर कुंकवाचं बोट, रोज स्वतःला लावायच्या तसंच. रुपयाएवढं, ठसठशीत. मी खाली स्टूल धरून उभी. मी म्हणाले, "आई, ही कलाकृती आहे."

"व्हय, आन् ही सवाष्ण हाय," त्या म्हणाल्या. "नीट धर."

दसरा झाल्यावर चित्रकार ब्रशची पेटी घेऊन आले. सोप्यात पाऊल टाकलं आणि थबकले. जवळ गेले. मग मागं मागं सरकत गेले, पार दाराला पाठ टेकेपर्यंत.

"कुणी लावलं?"

"मीच की. माझं कपाळ हाय."

ते हसायला लागले. आवाज नाही, नुसतं पोट हलत होतं आणि डोळ्यांतून पाणी. खांद्यावरच्या रंगाच्या फडक्यानं डोळे पुसले तर डोळ्याच्या कडेला हिरवट पट्टा उठला. मग पेटी उघडली, सगळ्यात बारीक ब्रश काढला आणि खाली डाव्या कोपऱ्यात सही केली. सासऱ्यांनी विचारलं, "आन् कुंकू?"

"आता मी काय लावणार? झालं की."

हे एवढंच. त्यानंतर सणावारी सासूबाई ते कुंकू ताजं करायच्या. पुढं काही वर्षांनी सासरे गेले. दिवस-वार उरकले, पाहुणे पांगले, आणि एका सकाळी मी सोप्यात आले तर सासूबाई स्टुलावर चढलेल्या. स्वतःचं कपाळ कोरं, आणि चित्राच्या कपाळाला बोट. त्या दिवसापासून सणाची वाट बघणं संपलं. रोज अंघोळ झाली की आधी हे काम.

माझ्यातली बी.ए. जागी झाली. मी त्यांना समोर बसवून रूढी, समता आणि तर्कशास्त्र या तिन्ही विषयांवर बोलले. चांगली बोलले, मला आठवतं. मधे एकदा हातही उंचावला होता. चित्राला कुंकू लावण्यात तर्क काय, हा माझा शेवटचा मुद्दा. त्यांनी लसूण सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं.

"मला लावलं तर गल्ली बोलंल," त्या म्हणाल्या. "तिला कोण बोलतंय? तिचा न्हवरा खाली बसून भाकरी खातोय."

मला वाटलं, त्यांना तर्क कळला नाही. किती वर्षं मला असं वाटत राहिलं, ते न सांगितलेलं बरं.

त्या गेल्यावर स्टुलावर मी चढायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. माझा नवरा गेल्यावरही चढत राहिले. तोवर माझंही कपाळ मोकळं झालं होतं. टिकलीच्या गोंदानं खाज सुटते, असं मी सगळ्यांना सांगते. डॉक्टर भाचीलाही तेच सांगितलं, आणि तिनं मलम दिलं.

तर, संग्रहालय.

ते रंकाळ्याच्या मागच्या अंगाला, एका शांत गल्लीत आहे. मुलगा मला दारात सोडून कामावर गेला. जाताना म्हणाला, "आई, भांडू नको." मी म्हटलं, "मी पाहुणी म्हणून आलेय." फाटकात जास्वंद, व्हरांड्यात चपला काढायची फळी, आत शिरताच पाटी, कशालाही हात लावू नये. मी आधी भिंतींना हात लावून बघितला. ओल नव्हती. मग वर बघितलं. गळतीचे डाग नव्हते. मोरी कुठल्या बाजूला ते विचारून घेतलं.

चित्रकाराची सून माझ्याच वयाची निघाली. ठेंगणी, चष्मा, पदर खोचलेला. "मोरीचं काय, ताई?"

"मोरीच्या भिंतीला आमचं माणूस नको. सर्दी होते त्यांना."

तिनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि तिला कळलं की मी चित्र बघायला आलेली नाही. "मोरी पल्याड हाय," ती म्हणाली. "पाण्याची टाकी बी दाखवू का?"

"दाखवा की."

दाखवली. मग चित्रं दाखवली. तीन खोल्या, एका माणसाचं सगळं आयुष्य. त्या माणसाला मी प्रतीकात्मकता विचारली होती, या विचारानं मला एकटीलाच हसू येत होतं. पंचगंगेच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायका, पाठमोऱ्या, आणि त्यांच्या ओल्या टाचांवर सकाळचं ऊन. नुसत्या टाचा बघून कोण थोरली जाऊ आणि कोण धाकटी, हे मी सांगू शकले असते. शाहूवाडीकडचं भातखाचर, चिखलाचा रंग असा की पाय आत जाईल. दुधाच्या कट्ट्यावर, गिऱ्हाइकासमोर धार काढायला उभी म्हैस, तिच्या काळ्या अंगावर निळं आभाळ. म्हैस काळी नसते, ती आभाळाच्या रंगाची असते, हे मला त्या खोलीत कळलं. कोल्हापुरात जन्म गेला आणि म्हैस नीट बघितली ती भिंतीवर. तेव्हाची मी असते तर यावर एक लेख लिहिला असता. आताची मी नुसती उभी राहिले. गुडघे दुखेपर्यंत.

आणि बायकांचे चेहरे. एकेका कपाळावर कुंकू, खरंच एका हातात लावलेलं. ब्रश टेकवला आणि उचलला, संपलं. बाकी सगळ्या चेहऱ्यावर रंगांचे दहा थर, आणि कुंकवाला एकच स्पर्श.

तिसऱ्या खोलीत काही चित्रं खालीच, भिंतीला टेकवून ठेवलेली होती. "ही लावली न्हाईत," ती म्हणाली. "बाबांची सही न्हाय. चित्र संपल्याबिगर सही करायची न्हाई, हा त्यांचा हट्ट. घरात जेवायला बोलवलं तरी म्हणायचे, सही झाली की येतो. सही न्हाय म्हणजे त्यांनी सोडलं न्हाय. मग मी कोण सोडणार?"

मला ते आवडलं. ही बाई सासऱ्यांचं ऐकणारी होती. म्हणजे हिच्याशी बोलता येईल.

पुढच्या व्हरांड्यात बसलो. तिनं चहा आणला आणि मुद्द्याला हात घातला. "जागा पसंत हाय न्हवं?"

"जागा पसंत आहे. पण कुंकू पुसायचं नाही."

"ताई, हट्ट नका करू. मेण त्याच्यात, हळद त्याच्यात. किडे येत्यात. बाकीच्या चित्रांना लागंल. आणि खाली बाबांनी लावलेलं कुंकू असंल की! त्याच्यावर तुम्ही इतकी वर्षं थापलंय. मला त्यांचं कुंकू बघायचंय."

तेव्हा मला कळलं, तिला काय वाटत होतं. "वहिनी," मी म्हणाले, "खाली काही नाही."

"म्हंजे?"

मी तिला सांगितलं. पावसाळा, चिकट रंग, घट, स्टूल, सगळं. तिनं मधे एकदाही अडवलं नाही, पण चेहऱ्यावर विश्वासही नव्हता. जुन्या घरांतून चित्रं गोळा करणाऱ्या माणसाला गोष्टी फार ऐकाव्या लागतात. तिनं मोबाइलवर आमच्या चित्राचा फोटो उघडला, मोठा केला, खालचा डावा कोपरा बघितला. सही होती.

"बघा," मी म्हणाले, "तुम्ही ते पुसलंत तर खाली कोरं कपाळ निघेल. हिरवं नेसलेली, काकणं भरलेली बाई, आणि कपाळ रिकामं. त्याखाली तुमच्या बाबांची सही. लोक विचारतील, हे चित्र यांनी संपलं असं का म्हटलं? काय सांगाल? सही कुंकवाच्या आधीची नाही. नंतरची आहे. त्यांच्या हिशेबात ते कुंकू चित्रातलंच आहे. लावणारा हात दुसरा, एवढंच."

"हे तुम्ही म्हणताय."

"मी म्हणतेय. मी स्टूल धरून होते."

"आणि बाबांना राग आला न्हाई? त्यांच्या चित्राला कुणी बोट लावलं तर ते जेवायचे न्हाईत."

"हसले."

तिनं कप खाली ठेवला. "बाबा हसले? कसे?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. "आवाज नव्हता," मी म्हणाले. "नुसतं पोट. आणि डोळ्यांतून पाणी. मग त्या रंगाच्या फडक्यानं डोळे पुसले, आणि डोळ्याच्या कडेला हिरवट रंग लागला. तसेच घरी गेले असतील, आम्ही कुणी सांगितलं नाही."

ती जास्वंदीकडं बघायला लागली. "तसंच यायचे," ती म्हणाली. "मी रॉकेलनं पुसून द्यायची. कुठं हसून आलेत ते कधी सांगायचे न्हाईत." मग चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला, आणि आवाज एकदम व्यवहाराचा झाला. "ठीक हाय. कुंकू ऱ्हाऊ दे. पण माझी बी अट. आता नवीन लावायचं न्हाई. जे हाय ते हाय. एक बोट बी न्हाई."

"काच लावणार?"

"लावणार न्हाय. तेलचित्र हाय. पुढं आडवी दोरी लावणार."

"समोर कोण?"

"समोर पैलवान."

पैलवान मी बघितला होता. आखाड्याची लाल माती अंगाला, लंगोट, आणि छाती अशी की खोली लहान वाटावी. मी विचार केल्यासारखं केलं. "चालेल," मी म्हणाले. "त्यांची तक्रार नसणार."

"आमच्या पैलवानाची बी न्हाई," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की रस्त्यावरच्या माणसानं फाटकातून डोकावून बघितलं.

मग पाटीवरून पुन्हा जुंपली. तिच्या प्रत्येक पाटीवर चित्राचं नाव आणि खाली 'कॅनव्हासवर तैलरंग' असं असतं. मी म्हटलं, आमच्या पाटीवर 'तैलरंग आणि कुंकू' असं पाहिजे. ती म्हणाली, असं जगात कुठं लिहीत नाहीत. मी म्हटलं, जगात असं चित्र कुठं आहे? तिचं म्हणणं, लोक हसतील. माझं म्हणणं, चित्रकारच हसले तर लोकांनी का नको? शेवटी तिनं लिहिलं. अक्षर सुंदर आहे तिचं.

पुढच्या आठवड्यात टेम्पोतून चित्र नेलं, मी पुढं बसून, मुलगा त्याच्या गाडीतून मागं. टेम्पोवाल्यानं विचारलं, "मावशी, ह्या आज्जी कुठं निघाल्या?" मी म्हटलं, "नांदायला." मुलगा गाडी लावायला गेला तो तिकडंच कुणाशी बोलत राहिला. आत भिंतीवर खिळे ठोकले होते, दिवा नेमका केला होता. चित्र चढलं. दोरी लागली. माणसं निघून गेली.

त्या उजेडात मी सासूबाईंना पहिल्यांदाच इतकं स्वच्छ बघितलं. सोप्यात त्या काळसर वाटायच्या. इथं नऊवारीच्या निऱ्यांत पोपटी, निळा, अगदी जांभळाही निघाला. ओठाच्या कोपऱ्यातलं ते हसू तर दारातूनच दिसत होतं. आणि कपाळावर लाल ढेकूळ, कडेनं थोडं सुटलेलं, मधे एक बारीक टवका उडालेला. गाडीत हादरे बसले असणार.

"चहा टाकते," ती म्हणाली आणि आत गेली.

टवका मोठा नव्हता. पण दिसत होता. सासूबाई असत्या तर अशा कपाळानं पैलवानासमोर उभ्या राहिल्या नसत्या. माझ्या पर्समध्ये डबी होती. का होती, ते विचारू नका. मी इकडंतिकडं बघितलं. दोरीवरून हात पोचत होता. मेण नव्हतं, पण एवढ्याशा टवक्याला मेण कशाला? मी बोट बुडवलं आणि पुढं वाकले.

"ताई."

ती दारात उभी. हातात दोन कप, आणि तोंडावर असा भाव, जणू मी शाळेत फळ्यावर मास्तरांचं चित्र काढताना सापडले होते.

"काय चाललंय?"

"काय नाही," मी म्हणाले. बोट लाल, हात दोरीच्या पलीकडं. "मलाच लावत होते."

"तुम्हाला?"

"हो. मला."

"मग लावा की," ती म्हणाली, आणि कप घेऊन तशीच उभी राहिली. हलेना. बघत राहिली.

आता माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. आरसा नव्हता. समोर पैलवानाशेजारी त्याचाच, आधी जलरंगात करून बघितलेला एक लहान नमुना होता, त्याला काच होती. तिच्यात माझा चेहरा त्याच्या छातीवर दिसत होता. मी बोट कपाळाला टेकवलं आणि उचललं. एका हातात.

किती वर्षांनी, ते मी मोजलं नाही. ते कुंकू गार लागलं, एवढं आठवतं.

"वाकडं झालंय," ती म्हणाली. कप खाली ठेवले, पुढं आली, आणि पदराच्या टोकानं कडा सारखी करून दिली, पुसून टाकली नाही. मग माझ्या हातातली डबी काढून घेतली, झाकण लावलं आणि स्वतःच्या कमरेला खोचली. "ही हितंच ऱ्हाईल. तुमचा भरवसा न्हाई. लावायचं वाटलं तर हितं यायचं, असंच पैलवानासमोर लावायचं."

"चहा गार होतोय," मी म्हणाले.

चहा घेतला. निघताना सासूबाईंकडं पुन्हा एकदा बघितलं. टवका होता तसाच होता, आणि त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसत नव्हतं.

फाटकात मुलगा गाडी घेऊन उभा होता. मी बसले, पट्टा लावला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग रस्त्याकडं, मग परत माझ्याकडं. मुलं मोठी झाली की आईच्या चेहऱ्याकडं फारसं बघत नाहीत, पण त्यानं बघितलं.

"आई, कपाळाला काय लागलंय?" त्यानं खिशातून रुमाल काढला. "थांब, पुसतो."

"हात तर लावून बघ," मी म्हणाले.